मुरमावरून नेलेली काच

दस्तू,

काल तुझ्या वाटेनं एकटा गेलो. तू जाऊन अजून पंधरवडाही लोटला नाही. तुझ्या घरात हलिमाभाभी म्हणाल्या, "भाऊ, वर खोऱ्यात कुणीतरी सांगायला पायजे. लगनसराई तोंडावर हाय. बायका वाट बघत बसतील आन् बांगड्या भरायला मणेर आला न्हाई म्हणून शिव्या घालतील." शिव्या तू जिवंतपणीही खायचास, उशिरा पोचलास म्हणून. पण माती दिलेल्या माणसाला नकळत शिव्या पडू नयेत, म्हणून सायकल काढली.

हेळवाकपर्यंत नेहमीचंच. मालमोटारी, धूळ, कोकणात उतरणारी माणसं. तिथं मोटारीचा रस्ता घाटाकडं वळला, मी नदीकाठच्या आपल्या मुरमाच्या वाटेला लागलो आणि कानातला सगळा गलका एकदम गेला. तू दरवेळी त्या वळणावर पाय टेकवून बिडी पेटवायचास आणि म्हणायचास, "आलं बाबा आपलं संस्थान." काल मीही पाय टेकवला. बिडी ओढत नाही, म्हणून नुसताच उभा राहिलो. खाली कोयनेचं पाणी, वर जांभळी-हिरड्यांचं रान, मधून तांबडी वाट, आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. सायकल मारायला देवानं अशी दुसरी जागा केली नसेल. तुझ्या अल्लानंही नसेल. हे वाक्य तुला आवडलं असतं, म्हणून ठेवतो.

आपली दोस्ती कशी जुळली असं लोक मला अजून विचारतात. मी आमच्या भावकीतला पहिला बी.ए. हे मी छाती पुढं काढून सांगतो, कारण माझ्या बापानं दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारत हयात घालवली, ती मला हे सांगता यावं म्हणूनच. सांगलीच्या कॉलेजातून बाहेर पडलो, पाटणला शाळेत लागलो, आणि आधी सायकल घेतली. तू आष्ट्याचा. तुझा बाप काचेच्या बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन गावं फिरला. ती पेटी पहिल्यांदा सायकलवर चढवलीस तू, आणि सगळे मणेर तुला हसले. मुरमाच्या वाटेवर, सायकलवर, काच! वेडाच आहे म्हणाले.

पहिल्या रविवारी मी त्याच वाटेवर होतो. उतार लागला, मी ब्रेक दाबला, मागचं चाक आडवं झालं आणि मी करवंदीच्या जाळीत. मागून तू आलास. तुझ्या कॅरियरला पेटी, जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेली. मला उठवायचं सोडून तू विचारलंस, "कितवी शिकलायसा?"

"बी.ए."

"तरीच."

त्या दिवसापासून मी तुझा 'बीए' झालो. माझं खरं नाव तुला शेवटपर्यंत आठवत होतं की नाही, मला शंका आहे.

ब्रेकवरून आपण किती भांडलो रे! मी म्हणायचो, उतार दिसला की आधीच वेग कमी करावा, मग चाक निसटत नाही. तू म्हणायचास, "खड्यावर चाकाला त्याचं त्याचं चालू द्यावं. ब्रेक म्हंजे मास्तरची छडी. हाणली की पोरगं आडवंच हुतंय." आणि पाय स्थिर धरून, हात सैल सोडून तू खाली सुटायचास, पाठीमागं भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या शेकडो बांगड्या. मी वरून ओरडायचो, "दस्तू, काच हाय मागं!" खालून आवाज यायचा, "तिला सांग की, मला काय सांगतूस!" पेटी उघडल्यावर एखाद-दुसरी वाढलेली निघायची; बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं, हे तूच शिकवलंस. मी म्हणायचो, बघ. तू म्हणायचास, ही घरनंच तशी आलीया. मी अजूनही ब्रेकच्याच बाजूचा आहे. पण आता भांडायला समोर कुणी नाही, त्यामुळं बरोबर असून उपयोग नाही.

लढाईची ती वर्षं आपल्या वाटेला मात्र लाभली. पेट्रोल मिळेना. पाटणपर्यंतची गाडीसुद्धा कोळशाच्या धुरावर खोकत यायची. जंगलातली वाहतूक जवळजवळ थांबलीच. टायर मिळत नव्हते, तर आपण आतून जुन्या टायरचे तुकडे लावायचो, आणि चाक लंगडं झाल्यासारखं धपधप करत चालायचं. तशा चाकांवर आपण ते अख्खं खोरं पालथं घातलं. पुढं फाळणीच्या वेळी शाळेतल्या एकानं तुला विचारलं होतं, तू जाणार का तिकडं? तू म्हणालास, "तिकडं माझ्या वळखीचं एक मनगाट न्हाई." तुझ्या ओळखीची सगळी मनगटं त्या वाटेवरच होती. त्यातलंच एक माझ्या बहिणीचं.

तानू माझी धाकटी. तिचं सासर खोऱ्यात पार वर. लग्नाचा हिरवा चुडा तूच भरला होतास. हात भरून झाले की शेवटची एक बांगडी तू फुकट चढवायचास आणि म्हणायचास, "ही माझी. धन्याच्या आयुष्याची." प्रत्येक नवरीला. ती तुझ्या घराण्याची रीत. तानूचा नवरा श्रीपती पलटणीत होता. लग्नानंतर दोनदा सुट्टीवर आला, मग समुद्रापलीकडं गेला. तिकडची फौज जपान्यांच्या हाती पडली आणि सरकारचा कागद आला, की शिपाई सापडत नाही.

मेला असं कागद म्हणत नव्हता. पण वर्ष गेलं तरी चिठ्ठी नाही, तेव्हा भावकीनं म्हणायला सुरुवात केली. नंतर सासूनंही मनाशी धरलं. तानूच्या बांगड्या कुणी फोडल्या नाहीत, एवढीच दया केली. पण जात्यावर, खाचरात, लाकडं फोडताना एकेक वाढत गेली आणि नवी भरायची बंदी. सासूनं तुला उंबऱ्यातूनच सांगितलं, "माझ्या दारात पेटी उघडायची न्हाई." एका रविवारी आपण गेलो तेव्हा तानूचे दोन्ही हात मोकळे होते. तिनं ते पदराखाली घेतले होते. माझ्या बहिणीनं माझ्यापासून हात लपवले, दस्तू.

मी तानूच्या सासूशी, म्हाताऱ्या कृष्णामावशींशी, वाद घातला. पुरावा नाही, कागदात तसं लिहिलेलं नाही, कायदा काय म्हणतो, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "येवढी पुस्तकं वाचलीस, तर कुठल्या पुस्तकात माझं प्वार गावतंय का बघ." त्यावर काय बोलायचं, हे कॉलेजात शिकवत नाहीत.

परत येताना मी तुला म्हणालो, पुढच्या वेळी नदीवर ती पाणी आणायला येईल, तिथंच भर. तू नाही म्हणालास. "घरातल्या मोठ्या बाईनं 'भर' म्हटल्याबिगर मणेर हात धरत न्हाई." मी तुला नाही-नाही ते बोललो. रीत धरून बसलेला गोटा म्हणालो. तू म्हणालास, "चोरून भरली तर चोरून घालावी लागंल, बीए. तुझ्या भनीला चोरटी करू?" आणि पुढं निघून गेलास. हेळवाकपर्यंत आपण बोललो नाही. पुढचे दोन रविवारही नाही.

मग तू शाळेच्या फाटकाशी आलास. "सायकल काढ," एवढंच म्हणालास.

त्या दिवशीचं तुझं बोलणं मला शब्दन् शब्द आठवतं. तू अंगणात बसलास, पेटी सायकलवरच ठेवलीस. "मावशी, तुमच्या दारात पेटी उघडत न्हाई. पर लग्नात मी एक बांगडी दिल्याली. ती तुमी इकत घेतली नव्हती. ती माझी. माझी वस्तू वाढली, तर ती मीच भरून दिली पायजे. आमच्यात तशी रीत हाय. तुमची रीत तुमी पाळा, माझी मला पाळू द्या."

मावशींनी विचारलं, "एकच?"

"एकच."

"आन् ती वाढली तर?"

"तर मी येतू."

त्या उठल्या, चुलीकडं तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या, "मी काय बघितलं न्हाई." तू खिशातून, रुमालाच्या घडीतून, ती एक हिरवी काच काढलीस. मी सात पानांचा युक्तिवाद करून हरलो होतो. तू तुझी रीत त्यांच्या रीतीशेजारी नेऊन ठेवलीस आणि दोन्ही रीती एका चुलीशी बसल्या.

तिथून पुढं दोन वर्षांहून जास्त आपण ती एक बांगडी राखली. तुझा धंदा होताच, पण खरं सांग, कित्येकदा तू फक्त तेवढ्यासाठीच सायकल मारलीस ना? ती जत्रेची सकाळ तर मी विसरणार नाही. लाकडं घेऊन उतरलेल्या एका गड्याबरोबर कृष्णामावशींनी स्वतः निरोप धाडला होता: मणेराला सांग, वाढली. दुपारी देवीसमोर भावकी बसणार, बायका ओट्या भरणार, आणि तानूचं मनगट मोकळं. त्या दिवशी तिला बाजूला बसवलं असतं, तर ती कायमची बाजूलाच बसली असती.

आपण चढाला लागलो तेव्हा दरीत धुकं होतं. तू पुढं, मी मागं, दोघंही पायडलवर उभे. वळण घेतलं आणि वाटेच्या मधोमध गवा. नुसता गवा नव्हे, काळं घरच उभं होतं. आपण थांबलो. तो बघतोय, आपण बघतोय. तू घंटी वाजवलीस. त्यानं कान हलवला.

"बीए," तू कुजबुजलास, "तू इंग्रजीत सांग त्येला."

इतका भ्यालो असतानाही मला हसू फुटलं. हसू ऐकून की काय, गवा कंटाळल्यासारखा कारवीत शिरला. पण वेळ गेला होता. पुढचा उतार तू नेहमीसारखा सुटलास. आणि एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही ती आता सांगतो. त्या उतारावर मीही ब्रेकवरची बोटं काढली. दात आवळून, पण काढली. खडे चाकाखालून गोळ्यांसारखे उडत होते, झाडं एकमेकांत मिसळली होती आणि नदी एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. पडलो नाही. तुला सांगितलं असतं तर तू आख्ख्या पाटणला सांगत फिरला असतास, म्हणून गप्प बसलो.

तानू दारातच उभी होती, हात पुढं करून. मावशी म्हणाल्या, "लौकर घाल रं मुडद्या, ढोल वाजाय लागला." त्या दिवशी त्यांनी चुलीकडं तोंड केलं नाही.

लढाई संपली. श्रीपतीच्या पलटणीतला एक जण सुटून आला, तो वाट काढत वर गेला. त्यानं सांगितलं, कैद्यांच्या छावणीत, तापानं. त्यानं स्वतःच्या हातानं माती दिली होती. आता सापडत नाही असं म्हणायला जागा उरली नाही.

मला निरोप आला तेव्हा मी पाटणातल्या तुझ्या दुकानावरून गेलो. तू समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणालास, "बाई, उद्या या," आणि फळी लावलीस. त्या दिवशी तू ब्रेक दाबत उतरलास, ते मी पाहिलं.

घरात बायका जमल्या होत्या. पाट्यावरचा वरवंटा आणून ठेवला होता. तानू भिंतीला टेकून बसली होती. एकीनं तिचा हात धरला, तेव्हा तू उंबऱ्यातून म्हणालास, "दगड ठिवा. ती माझी हाय. मी काढतू."

बायका कावल्या. परका गडी, अशा वेळी! पण कृष्णामावशी म्हणाल्या, "त्येला येऊ द्या."

तू रिठे मागितलेस, पाण्यात घोळून फेस केलास. तानूचा हात मांडीवर घेतलास आणि अंगठ्याचा सांधा हळूहळू दाबत राहिलास, जसा तू लहान मुलींचा दाबायचास. "ढिला सोड, बाय. माझ्याकडं बघू नगं. भायेर बघ, भायेर." बांगडी फेसातून सरकत आली आणि तुझ्या बोटांत राहिली. अख्खी. तानूच्या हातावर ओरखडा नाही. मग कृष्णामावशींनी स्वतःचं मनगट पुढं केलं. त्यावर जुना पांढरा वण होता, काचेचा. "माझी अशी काढायला कोण नव्हतं," एवढं म्हणून त्यांनी हात पदराआड नेला.

तू बांगडी पुसलीस. उजेडाला धरलीस. "काच तरणी हाय," तू तानूला म्हणालास. "श्रीपतीचंबी लय आयुष्य उरल्यालं हुतं. वाया कशाला घालवायचं? एखाद्या नवरीला देऊ? तिच्या धन्याला लागंल."

मी मधे पडणार होतो. तानूनं पहिल्यांदा मान वर केली. "दे," म्हणाली. "पर कुणाला दिलीस ते मला सांगू नगं."

परतीच्या वाटेवर मात्र मी तुला सोडलं नाही. विधवेच्या हातातली बांगडी नवरीला? तिच्या घरच्यांना कळलं तर? हा काय शहाणपणा? तू थांबलास, पाय टेकवलास आणि म्हणालास, "बी.ए. झालास, तरी काचंला सुतक असतंय म्हणतूस व्हय रं?" पुढं किती वेळा विचारलं, कुणाला दिलीस. तू बिडीचा धूर सोडायचास आणि गव्याची गोष्ट काढायचास. शेवटच्या आजारातही मी तुझ्या उशाशी बसलो होतो, तेव्हा जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. ताप उतरल्यावर विचारू म्हटलं.

तर काल.

पहिल्या गावात पाणवठ्यावरच बायका भेटल्या. मी एकटा दिसल्यावर त्यांना कळलंच. एका म्हातारीनं हंडा खाली ठेवला. तेवढ्यात एक तरुण सून रडायला लागली. "माझ्या लग्नात मणेरमामानं एक बांगडी दिल्याली, मास्तर. म्हणाला, 'पोरी, जपून वापर. ही एका जवानाची हाय. त्येचं आयुष्य उरलंय, ते तुझ्या धन्याला लागंल.' माझं मालक नदीला वाहून चाललं हुतं, झाडाला अडकलं आन् वाचलं."

सापडली! मी तिच्या हाताकडं बघत राहिलो. हिरव्या काचांत ती कुठली, कळेना. गहिवरून पुढं निघालो.

नदीपलीकडच्या वाडीत एक बाई पोर कडेवर घेऊन आली. ऐकून खाली बसली. मग म्हणाली, "मामानं मला जवानाची बांगडी दिल्याली."

मी म्हणालो, "बाई, ती खालच्या गावात हाय."

"तिची खोटी असंल!" ती फणकारली. "मला त्येनं शपथ घिऊन सांगितलंया."

तिसऱ्या गावात दोघीजणी निघाल्या, जावाजावा, आणि त्या माझ्यासमोरच भांडल्या. चौथ्या गावात मी विचारलंच नाही. तरी एक आपण होऊन सांगायला आली.

लबाडा! त्या गावाबाहेर मी सायकल बांधाला लावली आणि हसत सुटलो. इतका हसलो की एक गुराखी थांबून बघायला लागला. मग दुसरंही झालं, ते लिहीत नाही. खरी कुणाकडं आहे, हे आता तुझ्याखेरीज कुणाला ठाऊक नाही. तुलाही ठाऊक होतं की नाही, देव जाणे. पण त्या खोऱ्यात गेल्या काही वर्षांत लग्न लागलेल्या प्रत्येक नवरीला वाटतं, की आपल्या नवऱ्याच्या पाठीशी एक शिपाई उभा आहे. माझा बी.ए. याला फसवणूक म्हणतो. मी काय म्हणतो ते अजून ठरलेलं नाही.

तानूच्या गावी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. ती खाचराच्या बांधावर होती, गडी लावून पेंढ्या बांधून घेत होती. आता शेत तीच बघते, मावशी घरात बसून तिच्या नावानं हाका मारतात आणि हाक ऐकू आली नाही तर घाबरतात. तुझं तिला आधीच कळलं होतं. "दादा, दमलास," म्हणाली, आणि तांब्या पुढं केला.

मी पाणी प्यालो. तिनं 'सांगू नको' म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. पण सगळ्यांनाच दिलेली गोष्ट लपवायची कुणापासून? मी सांगितलं. एक गाव, दुसरं गाव, भांडणाऱ्या जावा, सगळं.

ती ऐकत राहिली. हातातली पेंढी तशीच. खाली खोऱ्यात एकेका गावाचा धूर वर चढत होता, त्याच्याकडं बघत राहिली. मग पदर तोंडाला लावला, खांदे हलायला लागले, आणि मला वाटलं ती रडते आहे.

"दादा," ती हसू आवरत म्हणाली, "इतकं आयुष्य उरलं हुतं व्हय त्येंचं?"